अज्ञात वाहन

गेवराई तालुक्यात सुगत निकाळजेचा आवाज ज्याने ऐकला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. त्याचा चेहरा ज्याला आठवेल अशी माणसे मात्र पंचवीसही भरणार नाहीत. साड्यांचा सेल, मोबाइलच्या दुकानाचे उद्घाटन, नळाला पाणी येण्याचा वार, हरवलेली म्हैस, कोणाचे निधन, कोणाचा वाढदिवस हे सारे पाच वर्षे त्याच्याच गळ्यातून निघून सटवाच्या रिक्षावरच्या भोंग्यातून गल्लोगल्ली पोचत होते. लोक अंगणात भांडी घासत ऐकत, कोणी हातातले काम थांबवून ऐकत, आणि रिक्षा वळली की विसरून जात. ज्या समाजात बोलणारा कोण यापेक्षा बोलवणारा कोण हे आधी पाहिले जाते, तिथे याहून वेगळे काही घडायचे नसते.

गोदाकाठच्या ज्या गावात तो जन्मला ते गेवराईपासून अकरा किलोमीटरवर आहे. त्याचे वडील आबासाहेब दिवसा दुसऱ्यांच्या रानात राबत आणि एप्रिल उजाडला की माणूसच बदलून जात. पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल, खांद्यावर हार्मोनियम. त्यांच्या 'प्रबुद्ध गायन पार्टी'ला जयंतीच्या हंगामात जून उजाडेपर्यंत उसंत नसे. त्या काळी सामने होत. दोन पार्ट्या समोरासमोर बसत, एका पार्टीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने त्याच चालीत त्याचा जवाब द्यायचा, आणि जवाब जमला नाही तर मंडपातली बायामाणसेसुद्धा हसत. सुगत सातव्या वर्षापासून बापाच्या मागे टाळ्या धरायला बसे. त्याला सुरांपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीचे वेड होते. समोरचा सवाल संपला आणि ढोलकीने सम गाठली की बापाच्या हाती जेमतेम चार मात्रांचा अवकाश असे. त्या चार मात्रांत आबासाहेब डोळे मिटत. डोळे उघडत तेव्हा जवाब तयार असे, यमकासकट.

"आबा, मधी काय करता वो तुमी?" त्याने एकदा विचारले होते.

"काय न्हाई. मिटल्या डोळ्यानं समोरच्याचं तोंड बघतो," आबासाहेब म्हणाले. "तोंड बघितल्याबिगर जवाब सुचत न्हाई."

शाळेने या पोराचे काय केले तेही सांगायला हवे, कारण अशा गोष्टी कुठल्याही दप्तरात नोंदवल्या जात नाहीत. आठवीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने भाषण लिहिले. गुरुजींनी ते वाचले, उत्तम म्हटले, आणि पाटलाच्या मुलाला पाठ करायला दिले. सुगतला त्याच्याबरोबर पाठवले ते अडखळला तर मागून शब्द पुरवण्यासाठी. मुलगा तीनदा अडखळला. दुसरे बक्षीस आले. परतताना जीपमध्ये गुरुजी म्हणाले, "आपल्या शाळेचं नाव झालं." आपल्या या शब्दात नेमके कोण बसते आणि कोण मागे उभे राहते, हे सुगतला तेव्हा समजले.

बारावीनंतर तो बीडला शिकायला गेला आणि पालीला मामाच्या घरी राहिला. बिंदुसरा धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी चारपाच पोरे जमत. एकाजवळ ब्लूटूथचा स्पीकर, सगळ्यांजवळ मोबाइल. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आलेल्या रॅपचे व्हिडिओ ती पाहत, मग नुसता ठेका लावून घोळक्यात एकामागून एक बोलत. ज्याचा शब्द तुटला तो बाहेर. पहिल्या दिवशी सुगत ऐकत होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याला जाणवले की हा खेळ त्याला ठाऊक आहे. तीच सम, तोच चार मात्रांचा अवकाश. फक्त बसण्याऐवजी उभे राहायचे आणि हार्मोनियमऐवजी फोन. त्या संध्याकाळी तो शेवटपर्यंत बाद झाला नाही.

पण लिहायला बसला की तो भलतेच लिही. समुद्राची खारी हवा, उंच इमारती, पोलिसांची शिट्टी, गल्लीतली टोळी. सुट्टीत गावी आल्यावर त्याने हे सटवाला ऐकवले. सटवा त्याचा शाळेतला सोबती. नववीत शाळा सोडून त्याने रिक्षा धरली होती.

"बे, समुद्र बघितलायस का तू?" सटवा म्हणाला.

"न्हाई."

"मग काय त्यात पवतोस? गोदा आन् बिंदुसराचं धरण सोडून तू पाणी बघितलं न्हाईस. ती बी उन्हाळ्यात आटत्यात."

सुगतला राग आला. पण त्याच्याकडे जवाब नव्हता, आणि जवाब नसला की गप्प बसायचे, हे त्याच्या घरचे वळण होते.

शिक्षण दुसऱ्या वर्षी सुटले. त्याची कारणे या जिल्ह्यात कोणी विचारत नाही. सटवानेच त्याला बद्रीनाथच्या दुकानात नेले. बद्रीनाथ बसस्टँडमागे जाहिराती रेकॉर्ड करून देई. एक खोली, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, दाराला जुनी गादी लटकवलेली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली की रेकॉर्डिंग थांबवावे लागे. गिऱ्हाईक बिलाच्या पाठीमागे चार ओळी खरडून आणी. सुगत त्या वाचण्याजोग्या करी आणि म्हणे. एका श्वासात चौदा वस्तूंची नावे घेऊनही दम न लागू देण्याची कला तो या खोलीत शिकला. रॅपर होऊ पाहणाऱ्या पोरांना शहरात कुठले गुरू मिळतात कोण जाणे. सुगतचा गुरू मोबाइलच्या कव्हरांचा सेल होता.

बद्रीनाथ हिशेबी माणूस. प्रत्येक जाहिरात नव्याने म्हणवून घेण्याची उधळपट्टी त्याला मान्य नव्हती. त्याने सुगतकडून सुटे तुकडे म्हणवून घेतले होते. 'नागरिकांना कळविण्यात येते की', 'भव्य', 'आजच भेट द्या', सातही वार, एक ते शंभर आकडे, तालुक्यातल्या सगळ्या गावांची नावे. पाण्याचा वार बदलला की तो नुसता वार बदलून जोडी. एका निवडणुकीत दोन्ही बाजूंचा प्रचार याच खोलीतून गेला, तेव्हा 'कार्यसम्राट', 'तळमळीच्या नेत्या', 'सुखदुःखात धावून येणाऱ्या' असली विशेषणेही जमा झाली. बायकांसाठी जागा राखीव असल्याने त्यांची स्त्रीलिंगी रूपेही. सुगतला त्यात काही गैर वाटले नव्हते. उलट आपण एकदा बोललेले इतक्यांदा कामी येते, याचे त्याला थोडे कौतुकच होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस आबासाहेब आष्टीकडे एका मयताच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात गायला गेले. पार्टीची जीप रातोरात परतली आणि सकाळी सव्वासहाला तिने त्यांना गावाच्या फाट्यावर उतरवले. फाट्यावर पंडितची चहाची टपरी. आबासाहेबांनी चहा घेतला, हार्मोनियम खांद्यावर टाकली आणि गावाच्या रस्त्याला लागले. चाळीस पावलेही झाली नसतील. नदीकडून वाळूने भरलेला हायवा आला. दहा चाकांची ती गाडी थांबली नाही.

सुगत पोचला तेव्हा उन्हे नुकतीच वर आली होती. रस्त्यावर बाप होता आणि हार्मोनियमच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दूरवर विखुरल्या होत्या. आणखी एक गोष्ट होती. ओल्या वाळूतून गळणाऱ्या पाण्याची एक धार नदीच्या दिशेकडून येत होती, बापापाशी जराशी वाकडी होत होती आणि पुढे हमरस्त्याकडे जात होती. जणू कोणी खडूने रेघ ओढावी तशी.

जमादार पंचनामा लिहीत होता. सुगत त्याच्याजवळ गेला.

"सायेब, ही पाण्याची धार लिहा. नदीपस्तोर जाती. अमरसिंहच्या वाळूच्या घाटावर."

"पाण्याला नंबर असतो का बे?" जमादार मान वर न करता म्हणाला.

"धार तर हाय ना."

"आता हाय. तासाभरात वाळंल. मग मी काय दाखवू, तुझं तोंड?"

आठ वाजेपर्यंत धार वाळली. पंचनाम्यात आले ते असे: अज्ञात वाहनाच्या चालकाने भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून मयतास धडक दिली. हार्मोनियमची नोंद 'लाकडी सामान, मोडलेले' अशी झाली. ज्या गाडीचा निळा मुखडा, फुटलेला उजवा दिवा आणि मालक, वाळूचा घाट चालवणारा अमरसिंह, तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता, ती गाडी सरकारी कागदावर अज्ञात ठरली. पंडितने जबाबात सांगितले की तो स्टोव्ह पेटवत होता, त्याची पाठ होती.

त्याच दुपारी बद्रीनाथचा फोन आला. निधनाची बातमी फिरवायची होती आणि दुसरा आवाज दुकानात नव्हता. सुगत गेला, गादीमागे उभा राहिला. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की आबासाहेब निकाळजे यांचे अपघाती निधन झाले आहे.' एकाच दमात झाले. बद्रीनाथने गादीच्या कडेने अंगठा दाखवला. सटवाने ती बातमी गावभर फिरवली, आणि भोंग्यातून आपलाच कोरडा, स्वच्छ, विकाऊ आवाज बापाचे मरण सांगताना ऐकून सुगतला स्वतःचीच किळस आली. त्या बातमीत सगळे होते. कोणी मारले, तेवढे नव्हते.

तीन महिने त्याने समुद्रावर एक ओळ लिहिली नाही. जानेवारीत एका रविवारी बद्रीनाथ लग्नाला गेला आणि दुकानाची किल्ली सुगतकडे राहिली. भर दुपारी त्याने दाराची गादी ओढली आणि जे तोंडपाठ झाले होते ते म्हटले. कागद लागला नाही.

*गाडी अज्ञात, डायवर अज्ञात,*
*पाटीवरचा चिखल, त्यो बी अज्ञात.*
*दहा चाकं मोजली मी दिसाच्या उजेडात,*
*बाप तेवढा वळखीचा, बाकी समदं अज्ञात.*

*धार नदीपासून आली, धार बापापाशी वाकली,*
*सायेबाची वही उघडी, आन् उन्हानं ती पुसली.*

पुढे आणखी चाळीस ओळी होत्या. घाट होता, निळा मुखडा होता, फुटका दिवा होता. अमरसिंहचे नाव नव्हते. त्याची गरज नव्हती. व्हिडिओ सटवाने फोनवर काढला, नदीपात्रातल्या वाळूउपशाच्या खड्ड्यात. सुगतने काळजी घेण्यात काही कसूर ठेवली नाही. तोंडाला काळे फडके, फक्त डोळे उघडे. अंगात सटवाचा शर्ट. हातातली अंगठी काढलेली. फोनचे सिम बीडच्या एका मित्राचे. नाव घेतले 'कुसाबाहेर'. ओळख पटण्याच्या जेवढ्या वाटा सुचल्या तेवढ्या त्याने बुजवल्या.

आवाज मात्र तसाच ठेवला. पाच वर्षांत आपल्याकडे कोणी धड पाहिले नाही, म्हणून आपल्याला कोणी ओळखत नाही, असे त्याने धरून चालले होते. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, हे त्याच्या ध्यानातच आले नाही. व्हिडिओ बुधवारी सकाळी गेला. संध्याकाळपर्यंत नळावरच्या बायका म्हणत होत्या, "अगं, ह्यो तर साड्याच्या सेलवाला!" दुसऱ्या दिवशी सटवाची रिक्षा पाणीपट्टीची सूचना देत गल्लीत शिरली. 'नागरिकांना कळविण्यात येते की' एवढे भोंग्यातून येताच ओट्यावरची चारपाच पोरे एकसुरात ओरडली, "बाकी समदं अज्ञात!" भोंगा म्हणाला, 'थकबाकी भरून सहकार्य करावे.' पोरे म्हणाली, "अज्ञात!" सटवाने रिक्षा वळवली आणि थेट सुगतच्या दारात आणली.

"झालं का बे!" तो म्हणाला. "तोंडाला फडकं काय बांधतोस, समद्या तालुक्याला तुझा गळा पाठ हाय. मला बी कसं सुचलं न्हाई?"

मुक्ताबाई, सुगतची आई, अमरसिंहच्या संस्थेच्या वसतिगृहात स्वयंपाक करी. तिला तिथल्या मुलींनीच ऐकवले. घरी आल्यावर तिने ताट वाढले, समोर बसली, आणि त्याला दोन घास खाऊ दिले.

"तोंड बांधलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "गळा बी बांधायचा व्हता."

"आई, तुझ्या कामाला..."

"माझ्या कामाचं मी बघन. तू एक सांग. ह्ये म्हणून काय व्हणारंय?"

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले, तेही ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्या माणसाकडून. पंडितने त्याला टपरीमागे बोलावून घेतले. तो पन्नाशीचा, भित्रा, सगळ्यांशी गोड असलेला माणूस.

"मी पाठ करून बसलोच न्हवतो," पंडित हळू म्हणाला. "चिखल मागच्या पाटीवर व्हता. म्होरची साफ व्हती. नंबर मला पाठ हाय."

सुगत जवळ सरकला.

"तीन महिने गिळून बसलो. माझी टपरी त्यांच्याच जागेत हाय, बाबा. पर आबासाहेबानी माझ्या हातचा चहा पिलता. आन् तू पोरगं असून तोंडावर म्हणतूस म्हणल्यावर मला बी लाज वाटली. सोमवारी ठाण्यात येतो. धा वाजता. तू म्होरं राहा. तू असलास तर मी बोलन."

एवढाच तो नंबर. नऊ-दहा अक्षरे आणि आकडे. ते कागदावर चढले की गाडी अज्ञात राहणार नव्हती, आणि बाप कोणत्याही वाहनाखाली सापडलेला नुसता मयत राहणार नव्हता. सुगतला इतकेच हवे होते. सोमवारपर्यंतचे तीन दिवस त्याने बोटांवर मोजले.

शुक्रवारी दुपारी अमरसिंहने बोलावले. जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या होत्या, गटाची जागा महिलांसाठी राखीव होती, आणि त्याची पत्नी विजयमाला उभी होती. ऑफिसात दहाबारा माणसे होती. अमरसिंहने त्यांना बाहेर बसवले आणि सुगतला खुर्ची दिली.

"चहा घे. आबासाहेबाचा गळा तुझ्यात उतरलाय. आमच्या वडलांच्या तेराव्याला गायलते ते, म्हाईत हाय का तुला?"

"हाय."

"गाणं ऐकलं मी तुझं. भारी हाय. मला राग न्हाई आला. कावून यावा? त्यात माझं नाव कुठंय?" तो हसला. "आता एक काम कर. ताईंचा प्रचार तुझ्याच आवाजात करू. दुसरा आवाज मला नको. लोकांना तुझाच आवडतो."

सुगतने कप खाली ठेवला. समोरच्या तोंडाकडे पाहिले. त्याला जवाब लगेच सुचला, आणि तो साधाच होता.

"न्हाई जमायचं, सायेब."

"बघ बरं."

"न्हाई जमायचं."

"बरं, बरं. जबरदस्ती थोडीच हाय?" अमरसिंह म्हणाला आणि बाहेरच्यांना आत बोलावले.

या सहजपणाचेच सुगतला भय वाटायला हवे होते. पण त्याला वाटले, आपण जिंकलो. शनिवारी त्याने बद्रीनाथला बजावून सांगितले की विजयमालाताईंचे काही रेकॉर्ड करणार नाही. बद्रीनाथ दुसरीकडे पाहत "बरं" म्हणाला. आईला कामावरून काढतील अशी धास्ती होती. तिलाही कोणी काही बोलले नाही. उलट रविवारी विजयमालाताई वसतिगृहात आल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि मुक्ताबाईला साडी दिली. मुक्ताबाई ती साडी घरी घेऊन आली आणि खुंटीला पिशवीसकट टांगून ठेवली. तिला काढले असते तर निदान सांगायला काही उरले असते.

सोमवारी साडेनऊलाच सुगत पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन बसला. दहा वाजले. साडेदहा झाले. पंडितचा फोन लागत होता, उचलला जात नव्हता. अकराच्या सुमारास सटवाची रिक्षा फाटकाशी येऊन थांबली. भोंगा बंद होता. सटवा उतरला, पण जवळ यायला त्याने वेळ लावला.

"सुगत, तू म्हणलास का बे?"

"काय?"

"ताईंचं."

"काय बोलतोस?"

सटवाने रिक्षातून पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. "सकाळी बद्रीशेठनं दिला. फाट्यापासून सुरू कर म्हणला. मी बटण दाबलं आन्... तुझाच आवाज. मला वाटलं, तू मला न सांगता..."

त्याने भोंगा हळू करून लावला. 'नागरिकांना कळविण्यात येते की, तळमळीच्या नेत्या, सुखदुःखात धावून येणाऱ्या, विजयमालाताई...' नाव कुठल्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छांतून आले होते. गावाचे नाव पाण्याच्या सूचनेतून. 'प्रचंड' कुठल्यातरी सेलमधून, 'मतांनी विजयी करा' मागच्या निवडणुकीतून. सांधे इतके सफाईने बसवले होते की श्वाससुद्धा जागच्या जागी होता. आपण म्हटलेले नाही हे सुगतला पक्के ठाऊक नसते तर त्यालाही वाटले असते की हे आपण म्हटले आहे.

आणि हे फाट्यावर सात वाजता वाजले होते. पंडितच्या टपरीसमोर, तीनदा. तसे वाजवायला सांगितले होते. अपघाताच्या सकाळी फाट्यावर एकटा पंडितच होता, हे अमरसिंहलाही ठाऊक होते.

त्याने जमादाराकडे जाऊन तक्रार घ्या म्हटले. "आवाज तुझाच आहे ना?" जमादार म्हणाला. "मग गुन्हा कुठला लावू?" बद्रीनाथकडे गेला. बद्रीनाथने मान खाली घालून सांगितले, "आवाज तुझा, पर फाइल दुकानाची. मला बी ह्याच गावात राहायचंय." तीन माणसांकडे जाऊन त्याला एकच उत्तर मिळाले, आणि तिसरे सर्वांत वाईट होते.

पंडित कपबशा विसळत होता. सुगत आणि सटवा समोर उभे राहिले तरी त्याने हात थांबवला नाही.

"पंडितमामा, मी म्हणलो न्हाई ते. तुकडे जोडलेत."

"आवाज तुझाच व्हता का न्हाई?"

"माझाच. पर मी म्हणलो न्हाई."

"मग गाणं बी तू म्हणला न्हवतास काय?" पंडितने प्रथमच वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फसवल्या गेलेल्या माणसाचा थकवा होता. "त्यात बी तोंड झाकलेलं. ह्यात बी तोंड न्हाई. मी कोणतं खरं धरू? तू त्यांच्याकडं गेलतास, खुर्चीवर बसलतास, चहा पिलास, ह्ये लोकांनी बघितलंय. आता मी एकट्यानं नंबर सांगू? माझी टपरी काय तुझ्या भोंग्यावर चालती?"

"मामा, मी देवाशप्पत सांगतो," सटवा मध्ये पडला.

"तू गप. तूच वाजवत आलास ना? तीनदा."

पंडितने स्टोव्ह बारीक केला आणि पाठ फिरवली. जबाबात सांगितलेली ती पाठ आता त्याने खरी करून दाखवली.

विजयमालाताई निवडून आल्या. हायवाला नवा दिवा बसला. 'आरोपी मिळून येत नाही' असा पोलिसांचा कागद येईल, एवढेच सुगतच्या घरात आता ठरलेले आहे. सुगतने दुकान सोडले, पण त्याचा आवाज दुकानातच राहिला. पाण्याचा वार बदलला की बद्रीनाथ वार बदलून जोडतो, साड्यांचा सेल लागतो, लोक काम थांबवून ऐकतात. 'कुसाबाहेर'चा व्हिडिओ अजून आहे. त्याखाली लोकांनी लिहिले आहे: विकला गेला. हाच तो ताईंचा भोंगा. जो कधी विकला जात नाही असे नुसते म्हटले जाते, तो आवाज या तालुक्यात मालकाच्या परवानगीशिवायही विकता येतो, आणि गिऱ्हाईक त्याच आवाजाला दोष देते.

फेब्रुवारीच्या एका सकाळी, सव्वासहाला, तो फाट्यावर जाऊन उभा राहिला. तोंडाला फडके नव्हते. माइक नव्हता, ठेका नव्हता. दूध घालायला निघालेले दोघेतिघे आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या बाया चहा घेत होत्या. त्याने पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. गाडी अज्ञात, डायवर अज्ञात. माणसे चमकून पाहू लागली. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, तोंड कोणाच्याच नव्हते. एक बाई दुसरीला म्हणाली, "अय्या, एवढासाच हाय की गं ह्यो!" पंडितने मोबाइलवरचे भजन मोठे केले. सुगतने आवाज वाढवला नाही. शेवटपर्यंत म्हटले आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. चौथ्या दिवशी पंडितने सांगितले, "गिऱ्हाईक बुजतंय. पलीकडं उभा राहा." सुगत रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. तिथून टपरी समोरासमोर दिसत होती.

आठवडा झाला. मुक्ताबाईने एकदाच विचारले, "रोज जाऊन काय मिळतंय?" तो म्हणाला, "काय न्हाई." ती म्हणाली, "मग अंगात काहीतरी घालून जा. थंडी हाय." खुंटीवरच्या पिशवीकडे दोघांनीही पाहिले नाही.

त्या सोमवारी गिऱ्हाईक नव्हते. सुगतचे निम्मे म्हणून झाले होते, तेव्हा पंडित काचेचा ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आला. भजन आज लावलेले नव्हते.

"चहा पी," तो म्हणाला. "आन् एक ऐक. म्हणायचं तर म्हण. पर माझ्या तोंडाकडं बघून म्हणू नको."

सुगतने ग्लास घेतला.

"मग कोणाकडं बघून म्हणू, मामा?"

सुगतचा चहा संपेपर्यंत पंडित तिथेच उभा राहिला, नदीकडे तोंड करून. मग रिकामा ग्लास घेतला, रस्ता ओलांडला, आणि तो ग्लास विसळायला लागला. स्वच्छ झाला तरी विसळत राहिला.